संपलं म्हणा

आत्यांनी फोन ठेवताना कधी 'ठेवते' म्हटलं नाही. सांगायचं ते सांगून झालं की फोन बंद. आपण इकडे 'बरं, बरं' करत राहायचं आणि मग मुक्या मोबाइलकडे बघत बसायचं. मी पडलो 'मग ठेवू का' असं दोन-दोनदा विचारणारा माणूस, मला याचा फार राग यायचा. आणि गंमत अशी की, कुठलीही गोष्ट संपली तर ती तोंडाने बोलून संपली पाहिजे, या एका हट्टापायी साऱ्या पालघरला वेठीस धरणारी बाई ती हीच.

त्या माझ्या कुणी लागत नव्हत्या. आत्या हे त्यांचं सार्वजनिक नाव होतं. हवालदारही आत्या म्हणायचे आणि ज्या पोरांना तो हवालदार धरून आणायचा तीही. अठरा वर्षांच्या आतल्या मुलाच्या हातून काही गुन्हा घडला तर त्याला मोठ्यांच्या कोर्टात नेत नाहीत, बाल न्याय मंडळापुढे आणतात. तिथे एक न्यायाधीश आणि समाजातली दोन माणसं बसतात. आत्या त्या दोघांतल्या एक. मी परिविक्षा अधिकारी. म्हणजे मुलाच्या घरी जाऊन चौकशी करायची, अहवाल लिहायचा, आणि मंडळाने नेमून दिलेलं काम मुलगा करतो की नाही यावर लक्ष ठेवायचं. मी मूळचा सांगलीकडचा. इथली बोली समजायला मला बरेच दिवस लागले आणि आत्या समजायला त्याहून जास्त.

केळव्याच्या बाजूला त्यांची वाडी होती. नारळ, चिकू आणि पानवेली. नोकरी मात्र शाळेत झाली, खेळाच्या बाई म्हणून. निवृत्त झाल्या तरी नऊवारी-पाचवारी जे काही नेसतील त्याखाली पांढरे कॅनव्हासचे बूट असायचेच. न्यायाधीश मॅडम नव्या आल्या तेव्हा पहिल्या दिवशी त्या बुटांकडे बघत होत्या. आत्या त्यांना म्हणाल्या, "मॅडम, सवय हाय. पोरं कवा पळतील नाय सांगता येत." मॅडम हसल्या नाहीत. पण पुढे त्यांचंही आत्यांवाचून पान हलेनासं झालं.

समोर आलेल्या मुलाला आत्या उभं राहू द्यायच्या नाहीत. "बस आधी. उभ्या माणसाला खोटं बोलायला सोपं पडतं." हे त्यांनी कुठून शोधून काढलं होतं कोण जाणे, पण बसलेली मुलं खरंच कमी फेकायची. दुसरं, त्यांच्यासमोर 'चोर' म्हणायची कुणाची छाती नव्हती. एकदा एका मुलाचा बापच म्हणाला, "बाई, हा चोर आहे." आत्यांनी त्याला अशा आवाजात थांबवलं की तो सावधानमध्ये उभा राहिला. "चोरी केली बोला. केली ती एक दिवस केली. चोर बोललात तर त्याला रोज करायला लागंल."

पण त्यांचा खरा वेडेपणा होता पानाचा.

किरकोळ गुन्ह्यात मंडळ मुलाला समज देऊन सोडतं, किंवा काही दिवस समाजाच्या उपयोगाचं काम सांगतं. दवाखान्याचं आवार झाडणं, वाचनालयातली पुस्तकं लावणं, असं. काम पूर्ण झालं की मी अहवाल द्यायचा, मॅडमनी सही करायची, प्रकरण बंद. कायद्याच्या दृष्टीने इतकंच. आत्यांच्या दृष्टीने इथून पुढे खरं काम. त्या तक्रारदाराला बोलावून घ्यायच्या. मंडळ उठलं की बाहेरच्या व्हरांड्यात मुलाला आणि तक्रारदाराला समोरासमोर बसवायच्या. मग पिशवीतून स्टीलचा डबा निघायचा. डब्यात ओलं फडकं, फडक्यात त्यांच्या वाडीतली पानं. एका पानावर गुलकंद आणि बडीशेप. चुना नाही, सुपारी नाही. ते पान तक्रारदाराने स्वतःच्या हाताने मुलाच्या हातावर ठेवायचं आणि म्हणायचं, "संपलं." मुलाने ते चावून खायचं. "गिळायचं. थुकायचं नाय. थुकलास तर परत पयल्यापासून."

सरकारी इमारतीत पान, हे माझ्या नोकरदार मनाला पटायचं नाही. मी एकदा हळूच म्हटलं, "आत्या, याला नियमात आधार नाही." त्या म्हणाल्या, "नियमात बंदी हाय का?" मी म्हटलं, तशी नाही. "मंग बस." मॅडम त्या वेळेला नेमक्या आत फाइली आवरत असायच्या. बाहेरचं त्यांना काही ऐकू यायचं नाही, असं त्यांनीच ठरवून टाकलं होतं.

सफाळ्याच्या एका दुकानदाराच्या स्कूटरवरून एक मुलगा न विचारता फिरून आला होता आणि गटारात घालून आला होता. काम संपल्यावर त्या दुकानदाराने मोबाइलमध्ये बघत बघत पान पुढे केलं आणि "संपलं, संपलं" म्हणून टाकलं. आत्यांनी पान काढून घेतलं. मोबाइल खिशात ठेवायला लावला. मुलाच्या तोंडाकडे बघायला लावलं. मग पुन्हा म्हणायला लावलं. तो माणूस घाम पुसत बाहेर पडला आणि मला म्हणाला, "साहेब, शिक्षा कोणाला होती?"

मी एकदा त्यांना हे कुठून सुचलं ते विचारलं. आम्ही पालघरच्या एसटी स्टँडवर त्यांच्या गाडीची वाट बघत होतो. त्यांनी आधी गाडी आली का ते बघितलं. मग सांगितलं ते असं. शाळेत असताना त्यांनी एका मुलाला शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या होत्या. किती, ते सांगितलं नव्हतं. तेवढ्यात हेडमास्तरांनी मीटिंगला बोलावलं आणि त्या विसरल्या. परत आल्या तेव्हा मुलगा अजून पळत होता. थांब असं कुणी म्हटलंच नव्हतं, म्हणून पळत होता. त्यांना बघून थांबला आणि तिथेच खाली बसला. "शिट्टी मारून खेळ सुरू केला ना, मंग शिट्टी मारून संपवायला लागतो," त्या म्हणाल्या. "नायतर पोरगं अंधार पडला तरी पळतच ऱ्हातं. तुमचा कागद बंद होतो रे साहेबा. त्याला कसं कळणार?" तो मुलगा आता बोईसरला कंपनीत आहे, बाप झाला आहे, आणि अजूनही त्यांना रस्त्यात बघून पळायच्या बेतात असतो, असंही त्या म्हणाल्या. एसटी आली. निरोप न घेता चढून गेल्या.

तेव्हापासून मी त्या डब्याला नावं ठेवणं बंद केलं.

सगळे सहज तयार व्हायचे असं नाही. सातपाटीची एक मावशी होती. तिचे वाळत घातलेले बोंबील दोघा मुलांनी वलांडीवरून, म्हणजे वाळवणाच्या काठ्यांवरून, उतरवून पार्टी केली होती. मुलांनी नेमलेलं काम नीट केलं. मावशी म्हणाली, "काम केलं तं केलं. मी कशाला बोलू संपलं? माजे बोंबील आले काय परत?" आत्या तिच्यासमोर बसून राहिल्या. मावशीला बाजार गाठायचा होता. आत्यांना कुठेच जायचं नव्हतं. शेवटी मावशीने पान त्या मुलांच्या हातावर जवळजवळ आपटलं, "संपलं" म्हणाली आणि टोपली उचलून निघाली. आत्या मला विजयी मुद्रेने म्हणाल्या, "बघ. बोलली."

आणि मग आत्यांचीच पाळी आली.

दुपारची वेळ होती. आत्या पालघरला मंडळात होत्या. बोईसरहून तीन मुलं मोटरसायकलवर केळव्याच्या समुद्रावर निघाली होती, ती वाटेत आत्यांच्या वाडीत शिरली. वाडीतल्या खोपीला आत्यांचा कोयता लटकवलेला असायचा. सध्या कोयता फिरवत गाण्यावर रील करायचं खूळ पोरांत आहे, ते तुम्हाला माहीत असेल. एकाने मोबाइल धरला, एक टाळ्या वाजवत राहिला आणि तिसऱ्याने कोयता घेऊन पानवेलींची एक अख्खी ओळ बुडाशी कापत नेली. वेल बुडाशी कापली तरी पानं लगेच मान टाकत नाहीत. आत्यांनी दुसऱ्या दिवशी त्याच वेलींना पाणी घातलं. पानं सुकायला लागली तेव्हा त्या खाली वाकल्या आणि त्यांना कापलेलं दिसलं. मग शेजारच्या पोराने ते रील त्यांना मोबाइलवर आणून दाखवलं.

तिघांतल्या दोघांना पोलिसांनी आईबापांसमोर समज दिली. कोयता ज्याच्या हातात होता तो मुलगा बारावीत होता. कायद्याने त्याचं नाव सांगता येत नाही आणि खोटं नाव ठेवायला मन घेत नाही, म्हणून नुसता मुलगा म्हणतो. मुलांचं काम बघणारे फौजदार आत्यांना म्हणाले, "यालाही समज देऊन सोडू ना?" आम्हाला सगळ्यांना वाटलं होतं की आत्या हो म्हणतील. त्या म्हणाल्या, "नाय. कागद करा." दुसऱ्या दिवशी त्यांनी मॅडमना सांगून या प्रकरणापुरती मंडळातली खुर्ची सोडली आणि तक्रारदाराच्या बाकावर जाऊन बसल्या. त्या बाकावर त्या लहान दिसत होत्या.

मुलगा खुर्चीच्या कडेला बसला होता. मॅडमनी विचारलं, का केलंस? "पता नहीं... म्हणजे, माहीत नाही मॅडम. व्हिडिओसाठी." आत्या त्याच्याकडे बघत नव्हत्या. मॅडमनी त्यांना काही बोलायचं आहे का विचारलं. "वेली कापल्या त्याचं मी सोसलं असतं," त्या म्हणाल्या. "आमी वाडीत चपला काढून जातो. मी माजे बूट काढते. ही पोरं बुटं घालून आत गेली. आणि हसत व्हती. कापत व्हती आणि हसत व्हती." एवढं बोलून त्या बसल्या.

मॅडम आणि दुसऱ्या सदस्याने मुलाला समुपदेशन आणि रविवारी सरकारी रुग्णालयाच्या आवारातली झाडं बघायचं काम सांगितलं. मी त्याच्या घरी गेलो. बोईसरला एमआयडीसीच्या पलीकडे दोन खोल्या. वडील कंपनीत ऑपरेटर, जळगावकडचे. त्यांनी मला चहा दिला आणि मुलासमोरच सांगितलं, "साहेब, आमच्याकडे उभी केळी कापतो तो दुश्मन असतो. पिढ्या बोलत नाहीत त्या घराशी. मी शेतकऱ्याचा मुलगा आणि माझ्या पोरानं बाईमाणसाची वेल कापली. कोर्टानं सोडून काय होतं? त्या बाईंनी सोडलं पाहिजे. त्या संपलं म्हणाल्या तर हा इथे राहील, परीक्षा देईल. नाहीतर गावाला काकाकडे. शाळा बंद. तिथं केळीच्या बागेत राबला की कळेल झाड काय असतं." पानाची गोष्ट त्यांना कुठून कळली होती, देव जाणे. मुलाच्या आईने मला दारापर्यंत पोचवलं आणि एवढंच विचारलं, "बाई कशा आहेत हो स्वभावानं?" मी म्हटलं, "फार चांगल्या." मला खात्री होती.

मुलाने काम चांगलं केलं. पहिल्या रविवारी तो मान वर करत नव्हता. नंतर नंतर मी जायच्या आधीच आलेला असायचा. एकदा बघतो तर वाफ्याच्या कडेला त्याचे बूट काढून ठेवलेले आणि हा अनवाणी आत. "अरे, काटे असतील," मी म्हटलं. "असू द्या सर." मी हे आत्यांना फोनवर सांगितलं. त्यांनी फोन बंद केला. पण तसं त्या नेहमीच करायच्या, त्यामुळे मला काही अंदाज आला नाही.

शेवटच्या दिवशी सगळे व्हरांड्यात जमलो. वडील अर्धी सुट्टी टाकून आले होते. मुलाने स्वच्छ शर्ट घातला होता. आत्या आल्या, समोर बसल्या, डबा उघडला, पान काढलं, गुलकंद लावला. पान हातात धरून बराच वेळ बसल्या. मुलगा हात पुढे करून बसला होता. मग आत्यांनी पान परत फडक्यात गुंडाळलं.

"नाय होत माज्याकडून," त्या म्हणाल्या. "खोटं नाय बोलणार." उठल्या आणि पायऱ्या उतरून गेल्या. मुलगा हात तसाच धरून बसला होता. वडिलांनी तो खाली केला आणि म्हणाले, "चल. रविवारची गाडी बघतो."

मला आत्यांचा संताप आला. सगळ्यांकडून वदवून घेणारी बाई, स्वतःवर आल्यावर उठून गेली. फाइल बंद झाली होती, त्यामुळे मला काही करता येत नव्हतं, आणि रविवारी तो मुलगा जळगावच्या गाडीत बसणार होता. मी फोन केला, त्यांनी उचलला नाही. शनिवारी सकाळी त्यांचाच आला. "सातपाटीला येतोस?" आणि बंद.

मावशी वलांडीपाशी बोंबील उलटे करत होती. आत्यांना बघून तिने कपाळाला हात लावला. "आता काय केलं मी?"

"काय नाय केलं. एक विचाराचं हाय," आत्या म्हणाल्या. "त्या पोरांना तू संपलं बोललीस. खरं बोललीस का?"

"खोटं बोलले," मावशी म्हणाली. तिला आठवायलाही लागलं नाही. "घरी जाऊन तुला शिव्या घातल्या. कालवण रांधता रांधता घातल्या."

आत्या खाली वाळूत बसल्या. "मी तुज्याकडून खोटं बोलवून घेतलं."

"मंग काय झालं?" मावशी बोंबील उलटे करतच होती. "पोरं सुटली ना? त्यांनी केलं, त्यांनी भरलं. माजा राग माज्या घरी, पोरं त्यांच्या घरी. माज्या रागाला मी जेवू घालते, पोरांनी कशाला घालावं? तुला राग आला तं ठेव ना तुज्याकडं. ठेवायला जागा नाय का?"

आत्या वाळू झटकत उठल्या. निघताना मावशीने त्यांच्या पिशवीत मूठभर सुके बोंबील कोंबले. आम्ही तिथून थेट बोईसरला गेलो.

घरात दारातच बॅग भरून ठेवलेली होती. आत्यांनी बूट काढले. ते काढताना मुलगा त्यांच्याकडे बघत होता. वडील लगबगीने उठले आणि मुलाला म्हणाले, "पाया पड." आत्या म्हणाल्या, "काय नको. बस आधी." तो बसला. त्याही त्याच्यासमोर लादीवर बसल्या.

"ऐक," त्या म्हणाल्या. "मला अजून राग हाय. ते रील मी परत परत बघते. बघू नये, कळतं, पण बघते. तो राग कवा जाईल मला नाय ठाव. पण तो माजा हाय. तुला जे काम दिलं ते तू केलंस. बूट काढून केलंस. तुजं संपलं." त्यांनी डबा उघडला आणि पान त्याच्या हातावर ठेवलं. "माजं चालू हाय, तुजं संपलं. कळलं?"

मुलाने मान हलवली आणि पान तोंडात घातलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो चावत होता. आत्या वडिलांकडे वळल्या. "ती बॅग आत न्या." वडिलांनी बॅग उचलून आत नेली. मला तेव्हा त्या बाईंचा जो अभिमान वाटला तो आजवर कुणाला सांगितलेला नाही.

त्यानंतर व्हरांड्यातला विधी थोडा बदलला. तक्रारदार अडून बसला तर आत्या म्हणायच्या, "तुमचं ठेवा तुमच्याकडं. त्याचं संपलं तेवढं बोला." लोक लगेच बोलायचे. आणि आश्चर्य म्हणजे बहुतेक जण मग स्वतःचंही संपवून जायचे. आत्यांचं मात्र संपलं नव्हतं. वाडीतली ती ओळ त्यांनी तशीच मोकळी ठेवली होती. मी एकदा विचारलं, नवीन वेली का लावत नाही? "बघू," म्हणाल्या.

त्यांची मंडळातली मुदत संपली. माझी बदली ठरली. निरोप घ्यायला मी वाडीवर गेलो. फाटकाशी चपला काढल्या. ती ओळ आता मोकळी नव्हती. काठ्यांना बांधलेल्या कोवळ्या वेली गुडघ्याच्या वर आल्या होत्या. आत्यांनी त्यातलं एकही पान तोडायचं नाही म्हणून सगळ्यांना तंबी दिली होती, आणि आता स्वतःच वाकून एक तोडलं. गुलकंद लावला, ओल्या फडक्यात बांधलं आणि माझ्या हातात दिलं. "त्या पोराला दे. जाता जाता."

मुलगा बारावी पास होऊन आयटीआयला लागला होता. मला गेटवर बघून आधी दचकला, मग हसला. मी पुडी दिली आणि म्हटलं, आत्यांनी पाठवलंय. त्यांचं संपलं असावं. त्याने पान उलटसुलट करून बघितलं. त्याला खरंच काही उमगलं नाही. "पण सर, संपलं तर त्या तेव्हाच म्हणाल्या होत्या ना?" असं म्हणून त्याने पान तोंडात टाकलं, चावून गिळलं आणि तास चुकेल म्हणून पळत गेला.

मी तिथूनच आत्यांना फोन केला. मुलगा काय म्हणाला ते जसंच्या तसं सांगितलं. पलीकडे इतका वेळ शांतता होती की मला वाटलं, ठेवला असेल.

"थुकला नाय ना कुटं?" आत्यांनी विचारलं.

"नाही. गिळलं."

"मंग संपलं," त्या म्हणाल्या. आणि पहिल्यांदाच मला म्हणाल्या, "ठेवते."